जवळजवळ सारख्या पायऱ्यांचं स्केल: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंतचं अंतर सात अगदी सारख्या पायऱ्यांत कापलं तर कसं ऐकू येतं? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वाद्य बेसूर आहे. दहा मिनिटं वाजवल्यावर कळलं की वाद्य ठीक आहे, हरवलोय तो मी. सगळ्या पायऱ्या सारख्या असल्या की आपण कितव्या पायरीवर उभे आहोत हे कानाला कळेनासं होतं, अंधारात जिना चढताना मजला चुकतो तसं. मग सातांतली एकच पायरी थोडी मोठी केली, आणि 'सा' लगेच हाताला लागला.

म्हणून या लेखात भर 'सारख्या'वर नाही, 'जवळजवळ'वर आहे. लागेल ते एवढंच: कॅल्क्युलेटर, स्वरांची कंपनसंख्या बदलू देणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर (किंवा पडदे सरकवता येणारं वाद्य), आणि सरगम ओळखणारा कान.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. गाणाऱ्याला 'तुमचं स्केल कोणतं?' विचारलं की उत्तर येतं 'काळी एक' किंवा 'पांढरी चार'. ते स्केल म्हणजे पट्टी. इथे स्केल म्हणजे सप्तकातून निवडलेल्या स्वरांची ओळ. आणि सप्तक हा शब्द सातावरून आला असला तरी इथे एका सप्तकात पाच, दहा, बावीस असे कितीही स्वर बसतील. कंपनसंख्या दुप्पट होते ते अंतर म्हणजे सप्तक, एवढाच अर्थ धरा.

टप्पा १: अंतर सेंटमध्ये मोजायला शिका

अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली जगभरच्या स्वरसप्तकांवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी सेंट हे माप वापरलं. सप्तकाचे १२०० सेंट. पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये, काळ्यापांढऱ्या सगळ्या धरून, १०० सेंट. सोय अशी की अंतरांची बेरीज-वजाबाकी सरळ करता येते. कंपनसंख्येत तोच हिशेब गुणाकार-भागाकाराचा होतो.

सात सारख्या पायऱ्या म्हणजे १२०० भागिले ७, प्रत्येकी १७१.४ सेंट. कंपनसंख्या हवी असेल तर २ चं सातवं मूळ काढा. ते येतं १.१०४०९. दर पायरीला त्याने गुणत जा. 'सा' २४० हर्ट्झ धरला तर पुढचे स्वर साधारण २६५, २९२.६, ३२३, ३५६.६, ३९३.८, ४३४.७ आणि शेवटी ४८०.

तारेवर करायचं असेल तर गुणण्याऐवजी भागा. मोकळी तार ९० सेंमी असेल तर घोडीपासूनची अंतरं ८१.५, ७३.८, ६६.९, ६०.६, ५४.९, ४९.७ आणि ४५ सेंमी. सतारीसारख्या वाद्यावर पडदे या खुणांवर सरकवता येतात. मात्र तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो. त्यामुळे मोजपट्टीने सुरुवात करा आणि शेवटचा निवाडा ट्यूनरवर सोडा.

टप्पा २: अगदी सारखं स्केल आधी ऐकाच

हा टप्पा गाळू नका. काय बिघडलंय ते ऐकल्याशिवाय पुढची दुरुस्ती कळत नाही.

मागे फक्त 'सा' चालू ठेवा. तंबोऱ्याच्या ॲपमध्ये पंचम बंद करा, कारण या स्केलचा पंचम ६८५.७ सेंटवर आहे आणि तंबोऱ्याचा शुद्ध पंचम ७०२ वर. सोळा सेंटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण वरच्या आकड्यांत बघा: 'सा'चा तिसरा स्वयंभू स्वर (मूळ कंपनसंख्येच्या पटीत आपोआप उमटणारा) ७२० हर्ट्झ, या पंचमाचा दुसरा ७१३.३. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सहा-सात आंदोलनं ऐकू येतात, थरथर थांबतच नाही. लांब श्वासाचा आवाज (ऑर्गन, व्हायोलिन) घेतलात तर ती फार टोचते. चटकन विरणारा, छेडलेल्या तारेसारखा किंवा लाकडी पट्टीसारखा आवाज घ्या. मोझांबिकमधल्या चोपी लोकांचं टिंबिला हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य या सात सारख्या पायऱ्यांच्या अगदी जवळ लावलेलं असतं, आणि तिथे ही अंतरं मुळीच टोचत नाहीत.

तिसरा स्वर ३४२.९ सेंटवर येतो, म्हणजे कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या बरोबर मधल्या गल्लीत. सुरुवातीला कान त्याला ओढून एका बाजूला नेऊ पाहतो. नेऊ देऊ नका. दोन-तीन दिवस रोज थोडं ऐकलं की ओढ कमी होते.

आता अलंकार वाजवा: सारेग, रेगम, गमप, असे वरच्या 'सा'पर्यंत. प्रत्येक तुकडा आधीच्यासारखाच ऐकू येईल, फक्त थोडा उंच. एखाद्याने मध्येच डोळे झाकून तुकडा वाजवून दाखवला तर तो 'रे'पासूनचा की 'प'पासूनचा हे सांगता येणार नाही. सुरुवातीला म्हटलेलं हरवणं ते हेच.

टप्पा ३: घरं आणि पायऱ्या

आता युक्ती. सप्तकाचे आधी बरेच बारीक सारखे भाग करायचे. त्यांना घरं म्हणू. मग त्यांतली काही घरं निवडून त्यांवर स्वर बसवायचे, शक्य तितक्या सारख्या अंतरावर. घरांच्या संख्येला स्वरांच्या संख्येने पूर्ण भाग जात नसेल तर काही पायऱ्या एका घराने मोठ्या निघतात. या मोठ्या पायऱ्या एका कोपऱ्यात गोळा न करता सगळीकडे पसरवायच्या, हे खरं काम.

त्यासाठी एक साधं सूत्र आहे. जॉन क्लाउ आणि जॅक डूथेट यांनी १९९१ मध्ये अशा रचनांचा सिद्धांत मांडला, त्यात ते येतं. शब्दांत सांगायचं तर: एकूण घरं गुणिले स्वराचा क्रमांक, त्यात 'सरक' मिळवा, स्वरांच्या संख्येने भागा, आणि उत्तरातला अपूर्णांक टाकून द्या. क्रमांक शून्यापासून मोजायचा. सरक म्हणजे ० पासून स्वरसंख्येपेक्षा एक कमीपर्यंतचा कुठलाही आकडा. ती बदलली की रचना तीच राहते, पण 'सा' तिच्यातल्या वेगळ्या स्वरावर जाऊन बसतो. मूर्च्छना म्हणतो तेच.

टप्पा ४: सूत्र ओळखीच्या बारा घरांवर तपासा

नवख्या घरांत शिरण्याआधी सूत्र खरं बोलतंय का ते बघू. घरं १२, स्वर ७, सरक ५ घ्या.

शून्याव्या स्वराला ५ भागिले ७, म्हणजे ०. पुढच्याला १७ भागिले ७, म्हणजे २. मग २९ चे ४, ४१ चे ५, ५३ चे ७, ६५ चे ९, ७७ चे ११. घरं आली ०, २, ४, ५, ७, ९, ११. पेटीवर वाजवून बघा: बिलावल!

सरक ६ केली तर 'म' तीव्र होतो, कल्याण. ४ केली तर खमाज, ३ ला काफी, २ ला आसावरी, १ ला भैरवी. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा एका ओळीच्या भागाकारातून बाहेर पडतात. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चुकीचं भागलं असेन म्हणून पुन्हा भागून पाहिलं. सरक ० ला जे येतं त्यात दोन्ही मध्यम आहेत आणि पंचम नाही, म्हणून तो थाटांच्या यादीत नाही. राहिलेले चार (भैरव, पूर्वी, मारवा, तोडी) या सूत्रातून कधीच येणार नाहीत, कारण त्या प्रत्येकात कुठे ना कुठे तीन घरांची उडी आहे. ते मुद्दाम असमान आहेत आणि त्यांची चव त्या उडीतच आहे.

पाच स्वर घेतले तर आणखी गंमत. १२ घरं, ५ स्वर: सरक ० ला भूप, १ ला दुर्गा, २ ला मधमाद सारंग, ३ ला धानी, ४ ला मालकंस. अर्थात हे फक्त त्या रागांचे स्वर. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे या लेखाच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

थोडं अवांतर. ज्यू पंचांगात १९ वर्षांच्या चक्रात ७ वेळा अधिक महिना धरतात: तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, अकराव्या, चौदाव्या, सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी. त्यांतली अंतरं ३, ३, २, ३, ३, ३, २. घरं १९, स्वर ७, सरक ५ घालून बघा, हीच रांग मिळते, आणि मोठी-मोठी-लहान-मोठी-मोठी-मोठी-लहान हा तर बिलावलाचा क्रम. ठरावीक वस्तू ठरावीक जागांत शक्य तितक्या समान पसरवायच्या म्हटल्या की महिने असोत की स्वर, उत्तर एकच निघतं.

टप्पा ५: घरं किती घ्यायची?

मोठी आणि लहान पायरी यांतला फरक नेहमी एका घराएवढा असतो, म्हणजे १२०० भागिले घरं. सगळी निवड या एका वाक्यावर उभी आहे. सात स्वरांसाठी: १२ घरांत पायऱ्या २०० आणि १०० सेंटच्या, फरक ढळढळीत. १९ घरांत १८९.५ आणि १२६.३. २४ घरांत २०० आणि १५०. ३१ घरांत १९३.५ आणि १५४.८. ५३ घरांत १८१.१ आणि १५८.५, इथे फरक जेमतेम २२.६ सेंट उरतो. घरं वाढवाल तशा पायऱ्या सारख्या होत जातात आणि 'सा' शोधणं अवघड होत जातं. नवख्याने २२ ते ३१ च्या दरम्यान राहावं असं माझं मत आहे. फरक ऐकू येतो, पण ओळखीचा थाटही वाटत नाही.

दोन खड्डे सांभाळा. १४, २१, २८ अशी सातने भाग जाणारी घरं घेतलीत तर पुन्हा अगदी सारख्या पायऱ्यांवर येऊन पडाल. आणि घरं व स्वर यांना समान विभाजक असेल तर रचना सप्तकात एकापेक्षा जास्त वेळा तशीच्या तशी फिरते. २२ घरांत १० स्वर बसवले तर २, २, २, २, ३ हा तुकडा दोनदा येतो. सुंदर स्केल आहे, पण त्यात 'सा' वाटावा अशा दोन जागा असतात आणि कान त्यांत गोंधळतो. ते दुसऱ्या महिन्यासाठी ठेवा.

बावीस म्हटलं की आपल्याकडे लगेच श्रुती आठवतात, म्हणून स्पष्ट सांगतो: सप्तकाचे बावीस सारखे भाग म्हणजे भरतांच्या बावीस श्रुती नव्हेत. षड्जग्रामात सात स्वरांच्या श्रुती ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा सांगितल्या आहेत. बेरीज बावीसच, पण मापं तीन. आपल्या सूत्राने २२ घरांत ७ स्वर बसवले तर सहा पायऱ्या ३ घरांच्या आणि एकच ४ घरांची निघते. रचनाच वेगळी.

टप्पा ६: पायऱ्या खरंच पसरल्या आहेत का, ते तपासा

दोनच मापांच्या पायऱ्या असल्या म्हणजे स्केल शक्य तितकं समान झालं, असं नाही. अरबी संगीतातला रास्त हा मकाम (आपल्या थाटासारखी स्वरांची ठरलेली ओळ) घ्या. चोवीस घरांच्या लिखाणात त्याच्या पायऱ्या ४, ३, ३, ४, ४, ३, ३ अशा लिहितात (गायक-वादक त्या घरांवर काटेकोर बसतात असं नाही). आपल्या सूत्राने २४ घरांत ७ स्वर, सरक ३ घेतली तर येतं ३, ४, ३, ४, ३, ४, ३. दोन्हींत तीन चौके आणि चार तिऱ्या.

आता शेजारच्या दोन-दोन पायऱ्यांच्या बेरजा करा. शेवटची पायरी पहिलीला जोडायला विसरू नका. रास्तमध्ये ७, ६, ७, ८, ७, ६, ७: तीन वेगवेगळी मापं. सूत्राच्या स्केलमध्ये ७, ७, ७, ७, ७, ७, ६: दोनच, आणि तीही लागून असलेली. हीच कसोटी. दोन-दोनच्या बेरजा, तीन-तीनच्या बेरजा, कुठेही दोनपेक्षा जास्त मापं दिसली किंवा दोन मापांत एकापेक्षा जास्त घरांचा फरक दिसला तर पसरवणं कुठेतरी चुकलंय. रास्त चुकीचा आहे असा अर्थ काढू नका. त्याला समान पसरायचंच नाही.

टप्पा ७: फाईल बनवा

सूर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरना स्कालाची फाईल वाचता येते. स्काला हा मान्युएल ऑप द काऊल यांचा जुना, फुकट प्रोग्राम. त्याचं फाईलचं स्वरूप आता सगळीकडे चालतं. ब्राउझरमध्ये चालणारं स्केल वर्कशॉपही अशी फाईल काढून देतं, आणि सर्ज एक्सटी हा फुकट सिंथ (संगणकावरचं वाद्य) ती उघडतो. पण पहिली फाईल हाताने लिहा, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये. २२ घरं, ७ स्वर, सरक ६ घेतली तर घरं येतात ०, ४, ७, १०, १३, १६, १९, २२. प्रत्येक घराला ५४.५४५ ने गुणलं की:

! बावीस घरांत सात
बावीस घरांत सात, मोठी पायरी पहिली
७
!
२१८.१८२
३८१.८१८
५४५.४५५
७०९.०९१
८७२.७२७
१०३६.३६४
२/१

प्रत्यक्ष फाईलमध्ये आकडे इंग्रजी लिपीत टाका, नाहीतर प्रोग्राम वाचणार नाही. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप, ती प्रोग्राम सोडून देतो. पहिला 'सा' लिहायचा नसतो, तो गृहीत असतो. शेवटी मात्र वरचा 'सा' लिहावाच लागतो, आणि मोजणीतल्या सातांत तो धरलेला आहे.

टिंबाकडे नीट लक्ष द्या. टिंब असलेला आकडा सेंट समजला जातो आणि टिंब नसलेला गुणोत्तर. मी एकदा १२००.० ऐवजी नुसते १२०० लिहिले. प्रोग्रामने वरचा 'सा' खालच्याच्या बाराशेपट उंच लावला, आणि मी अर्धा तास स्पीकरच्या वायरी तपासत बसलो.

फाईल चढवली की मधल्या 'सा'पासून कीबोर्डची प्रत्येक पट्टी, काळी असो वा पांढरी, पुढचा स्वर देते. आठवी पट्टी म्हणजे वरचा 'सा'. बोटं याला सरावत नाहीत. सात स्वर फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर बसवणारी वेगळी मॅपिंग फाईल असते, ती जोडा आणि काळ्या पट्ट्या मुक्या ठेवा. मग सरगम हाताखाली नेहमीच्या जागी येते.

टप्पा ८: सांधा शोधा

टप्पा दोनमधले अलंकार आता या नव्या स्केलवर वाजवा, मागे पुन्हा फक्त 'सा'. पायऱ्या ४, ३, ३, ३, ३, ३, ३ आहेत. सारेग सात घरं चढतो. रेगम, गमप, मपध, पधनि, धनिसां सगळे सहा घरं, एका साच्यातले. निसांरें पुन्हा सात. म्हणजे सात तुकड्यांपैकी दोनच किंचित ऐसपैस, आणि दोघांच्या पोटात तीच एक मोठी पायरी, सा-रे. स्केलचा सांधा तिथे आहे. आठवडाभर रोज वाजवल्यावर तो तुकडा आला की मान आपोआप हलते, समेवर हलते तशी.

मग चोवीस घरांचं स्केल लावा: १५०, ३५०, ५००, ७००, ८५०, १०५०, १२०० सेंट. यात सहा तुकडे ३५० सेंटचे आणि एकटा निसांरें ३०० चा. इथे सांधा रुंद नाही, अरुंद आहे, आणि तो शोधायला मला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले. सरक बदलून पाहा: सांधा तोच राहतो, पण तो 'सा'पासून दूर जातो आणि 'सा' ठरवायला फक्त तंबोरा उरतो. तंबोरा बंद करून वाजवलंत तर थोड्या वेळाने कान स्वतःच 'सा' हलवून सांध्याजवळ नेतो. हे स्वतःवर करून बघण्यासारखं आहे.

सातांचा कंटाळा आला की २४ घरांत ५ स्वर, सरक ० करा: २००, ४५०, ७००, ९५०, १२०० सेंट. जावाच्या गामेलान या वाद्यवृंदातलं स्लेंद्रो हे स्केल पाच जवळजवळ सारख्या पायऱ्यांचंच असतं, आणि तिथे प्रत्येक वाद्यसंचाची लावणी दुसऱ्यापेक्षा थोडी वेगळी असते. आपल्या या पाचांत एकच पायरी लहान आहे, पहिली. भूप वाजवतोय असं समजून सुरुवात करा. 'ग' वर पोचलात की कळेल तो किती पुढे सरकलाय.